शेताचा बांध कोणी घातला?

(नवदीक्षित कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)



वैराग आणि आसपासच्या खेड्यांत वंदनेनंतर आपण चार माणसे बसतो, तेव्हा बोलणे कशावरूनही निघो, ते फिरून जमिनीवर येते. ज्वारीच्या या पट्ट्यात माणसाची पत रानावरून ठरते. कोणाचे किती एकर, कोणाची विहीर, कोण कोणाच्या बांधावर राबतो, यावरून रामराम कोणी आधी घालायचा तेही ठरत असे. अशा वेळी एखादे वयोवृद्ध माणूस हमखास म्हणते, "आपल्या नशिबातच रान नव्हतं, गुरुजी. मागल्या जन्मीचं काहीतरी आसंल."

दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या, तरी हे एक वाक्य आपल्या घरातून गेलेले नाही. म्हातारी माणसे ते बोलतात आणि पोरे ते ऐकतात. म्हणून आजच्या पाठात एकच प्रश्न घ्यावयाचा आहे. गावात उच्चनीच कोठून आले आणि जमीन काही थोड्यांच्या हाती कशी गेली? हे नशिबाने झाले, की त्याला कारणे आहेत? भगवान बुद्धांनी प्रत्येक गोष्टीचे कारण शोधण्यास शिकवले. तीच रीत येथे वापरू.

१. तीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. घोड भीमेला मिळते आणि भीमा आपल्या सोलापूर जिल्ह्यातून वाहते. म्हणजे हे गाव आपल्याच पाण्यावरचे. १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यांतील प्रमुख नावे. जमिनीखाली सापडलेल्या कोळशाची शास्त्रीय परीक्षा करून त्यांनी काळ ठरवला. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास येथे शेतकरी वस्तीला आले आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. नऊशे वर्षे नांदलेले हे गाव आहे. महाराष्ट्रातील आरंभीच्या शेतकऱ्यांचे जीवन इतक्या तपशिलाने दाखवणारे दुसरे ठिकाण क्वचितच असेल.

शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे उघडे झाले. मातीच्या ठेंगण्या भिंती, वर कुडाचे छप्पर, चोपून सारवलेली जमीन, घरात चूल आणि धान्य साठवण्यासाठी पेव. काही ठिकाणी मातीचे गोल ओटे सापडले, त्यांवर कणग्या ठेवीत. आपल्या आजीला हे घर दाखवले असते तर तिला त्यात काहीच परके वाटले नसते. मुख्य पीक जव, म्हणजे सातू. जोडीला गहू, मसूर अशी धान्ये. नदीच्या पुराचे पाणी अडवण्यासाठी बांध आणि ते पाणी नेण्यासाठी पाट खोदलेला होता. पाट एकट्यादुकट्याने खोदता येत नाही. त्याला पुष्कळ हात लागतात आणि त्या हातांना कामाला लावणारे कोणीतरी लागते.

ते कोणीतरी उत्खननात दिसून आले. बहुतेक घरे लहान, एकदोन खोल्यांची. पण वस्तीच्या मध्यभागी एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. संशोधकांनी हे गावप्रमुखाचे घर मानले. लोकांकडून धान्याचा वाटा तेथे गोळा होत असावा असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुंभार, चुना भाजणारा, मणी घडवणारा अशा कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला होती. मध्यभागी धान्य राखणारा, कडेला हाताने घडवणारा.

मेल्यावरही फरक दिसला. मोठ्या माणसाला आडवे पुरीत आणि पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडीत. मृताने उठून जाऊ नये अशी काही समजूत त्यामागे असावी. पण एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात एका पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत पुरले होते आणि त्याचे पाय शाबूत होते. हा मानाचा माणूस होता हे सांगायला शिलालेखाची गरज नाही.

येथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, थोरलेपण होते. आरंभीचे गाव म्हणजे सगळे समान असे समजून चालणार नाही. दुसरी, जात असल्याची खूण मात्र दिसत नाही. कारागीर कडेला असले तरी गावातच होते. लहान मुले दगावली तर त्यांना मातीच्या दोन भांड्यांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यांत घालून, घराच्या जमिनीखाली पुरत. ही रीत साऱ्या वस्तीत आढळली. त्या गावात धान्याचा फरक होता, विटाळाचा पुरावा नाही.

आणखी एक गोष्ट. इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले. पिके कमी झाली, शेळ्यामेंढ्यांवरचा भर वाढला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव ओस पडले. म्हणजे पाणी होते तोवर पेव भरले आणि पेव भरले तोवर मोठे घर टिकले. कारण गेले की कार्यही जाते. मागच्या जन्माला यात कोठे जागाच नाही.

२. भगवान बुद्धांनी सांगितलेली बांधाची गोष्ट

दीघनिकायात अग्गञ्ञ सुत्त आहे. प्रसंग सावत्थीच्या पुब्बारामातील. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातील दोन तरुण संघात आले होते आणि त्यांचे जातवाले त्यांना वाटेल तसे बोलत होते. आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो, तुम्ही श्रेष्ठ वर्ण सोडून खालच्यांत गेलात, असे त्यांचे म्हणणे. दीक्षा घेतल्यावर आपणांस गावात जे ऐकावे लागले, तेच हे.

तेव्हा भगवंतांनी एक कथा सांगितली. तिचा सारांश असा. आरंभी भात आपोआप पिकत असे. सकाळी कापावे तर संध्याकाळी पुन्हा तयार. लोक लागेल तेवढे आणीत. मग एक आळशी माणूस दोन्ही वेळचे एकदम आणू लागला. त्याचे पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचे आणले, तिसऱ्याने चार दिवसांचे, कोणी आठ दिवसांचे. साठा सुरू झाला तसे भातावर कोंडा आला आणि कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. तेव्हा लोकांनी शेत वाटून घेतले आणि बांध घातले. बांध पडल्यावर एका लोभी माणसाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. त्याला पकडले, समज दिली. त्याने पुन्हा तेच केले. शेवटी हाताने, ढेकळाने, काठीने मारले. अशा रीतीने चोरी, निंदा, खोटे बोलणे आणि शिक्षा जगात आली. मग सर्वांनी मिळून एका योग्य माणसाला न्यायासाठी निवडले आणि त्याला आपल्या भातातील वाटा देऊ केला. सर्वांच्या संमतीने निवडलेला म्हणून तो महासम्मत. शेतांचा धनी म्हणून तो खत्तिय, म्हणजे क्षत्रिय.

ही घडलेल्या घटनेची नोंद नाही, शिकवण देणारी कथा आहे. पण तिच्यातला क्रम पाहा. आधी साठा, मग बांध, मग चोरी, मग काठी, मग अधिकारी आणि त्याचा वाटा. इनामगावचे पेव, कोठार आणि पाच खोल्यांचे घर या क्रमाच्या शेजारी ठेवून पाहा. कोण कोणाच्या मुखातून वा पायातून जन्मले याचा प्रश्नच उरत नाही. भगवंत स्पष्ट सांगतात की हे सारे वर्ग एकाच लोकांतून, सारख्याच माणसांतून निघाले. बांध माणसाने घातला आणि राजाही माणसाने नेमला.

३. पाचशे नांगर कोण धरीत होते?

बुद्धकाळी मगधात लोखंडी अवजारे आली होती आणि शेती वाढली होती. एकनाळा गावचा कसि-भारद्वाज नावाचा ब्राह्मण पेरणीच्या वेळी पाचशे नांगर जुंपून बसला होता, असे सुत्तात आहे. भिक्षेला आलेल्या भगवंतांना तो म्हणाला की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. आपण सुत्त वाचताना भगवंतांच्या उत्तराकडे पाहतो, ते योग्यच आहे. पण शाळेत मी मुलांना एक हिशेब घालतो. माणसाला हात दोन. मग पाचशे नांगरांपैकी चारशे नव्व्याण्णव कोणी धरले होते? पाली वाङ्मयात त्यांचीही नावे आहेत. दास आणि कम्मकर, म्हणजे विकत घेतलेले गुलाम आणि मजुरीवर राबणारे. वर गहपती, म्हणजे शेताचा आणि घराचा धनी. जमीन, नांगर आणि माणसे एकाच्या हाती गोळा होऊ लागली होती.

भगवंतांनी हे पाहिले होते. कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या वाढल्या तेव्हा राजाला सल्ला मिळतो की मारून आणि बांधून चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे आणि वैरण द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात तर सरळ साखळीच सांगितली आहे. निर्धनाला धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्याने चोरी, चोरीने शस्त्र, शस्त्राने हत्या. गरिबाच्या पूर्वजन्माकडे येथे बोट दाखवलेले नाही. राज्यकर्त्याने काय केले नाही ते सांगितले आहे.

४. लेण्यांवरील शेतांचे लेख

आता महाराष्ट्रात येऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले शिलालेख आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या भोजनासाठी दिले. म्हणजे त्या काळी शेताला धनी होता, किंमत होती आणि खरेदी-विक्री होती.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्खूंना दिले. राजाची माणसे त्यात शिरणार नाहीत, मीठ खणणार नाहीत, अधिकारी हात घालणार नाहीत, अशा सवलती लेखात आहेत. पण सहा वर्षांनी दुसरा लेख कोरावा लागला. ते गाव ओस पडले आणि शेत कसले जाईना, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीचे १०० निवर्तने शेत बदली दिले.

हा दुसरा लेख फार मोलाचा आहे. राजाचे दान होते, दगडावर कोरलेला हुकूम होता, सवलती होत्या, पण कसणारे निघून गेल्याबरोबर त्या दानाला काही अर्थ उरला नाही. आणि लेखात देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे नाव आहे, कसणाऱ्याचे एकही नाव नाही. हे दान आपल्या संघाला होते, तरीही ही गोष्ट आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कसणाऱ्याचे नाव दप्तरातून गळण्याची रीत इतकी जुनी आहे.

त्या काळचे वैभव आपल्या जवळही होते. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तेथे उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आणि आज ज्याला त्रिविक्रमाचे मंदिर म्हणतात ती विटांची वास्तू मूळचा चैत्य असावा असे अभ्यासक मानतात. तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

५. गावकुसाबाहेर

सातवाहनांनंतर दानाचा ओघ वळला. अमरावती जिल्ह्यातील अचलपूरजवळच्या चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट मिळाला. चर्मांक हे आठ हजार मापाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात लिहिले आहे. अट अशी की त्यांनी राज्याशी द्रोह करू नये. आता वर्णाने श्रेष्ठ म्हणवणारा तोच गावाच्या उत्पन्नाचाही धनी झाला. इनामगावचा थोरला धान्यामुळे थोरला होता. हा जन्मामुळे थोरला आणि वर जमीनही त्याचीच.

ज्याच्या श्रमावर हे चालले त्याच्यासाठी काय नियम होता? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे असे सांगितले आहे. म्हणजे रान नाही, घर गावात नाही. याच मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले.

पूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हाच प्रश्न हाती घेतला की आपली वस्ती गावाबाहेर का? त्यांचे उत्तर असे. माणसे शेती करून स्थिर झाली तेव्हा लढायांत पराभूत होऊन टोळीतून फुटलेली माणसे त्या स्थिर गावांच्या कडेला येऊन राहिली. गावाला राखणदार हवे होते, यांना अन्न आणि आसरा हवा होता. रक्ताचा वा वंशाचा फरक दोघांत नव्हता. पुढे ही माणसे बौद्ध राहिली आणि त्यांनी गोमांस सोडले नाही, म्हणून इ. स. ४०० च्या सुमारास त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. हे लिहिले गेले तेव्हा इनामगावचे उत्खनन वीस वर्षे दूर होते. पण प्रश्न विचारण्याची दिशा एकच आहे. कोण आधी स्थिरावला, धान्य कोणाच्या हाती होते, कोणाला कडेला राहावे लागले, हे पाहायचे. देवाने काय ठरवले, हा प्रश्नच घ्यायचा नाही.

६. वतन ही जमीन होती की साखळी?

येथे कोणी म्हणेल, आपल्यालाही वतन होते की. होते. पण वतनाच्या त्या तुकड्याबरोबर रात्रंदिवसाची गावकी बांधलेली होती. दवंडी, सांगावा, मेलेली गुरे ओढणे, सरकारी माणसाचे ओझे, आणि मोबदल्यात खळ्यावर उभे राहून मागायचे बलुते. इंग्रज सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. १९३७ साली त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काढला. खोताखाली भरडले जाणाऱ्यांत कुणबीही होते. बांधाचा प्रश्न एका जातीचा नाही हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली. ठराविक रक्कम भरल्यावर जमीन पुन्हा त्याच कुटुंबाला देण्याची तरतूद झाली आणि परवानगीवाचून विकू नये अशी अट आली. ज्यांना तुकडाही नव्हता त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांत आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-आजी होते. नशिबावर हवाला ठेवून ती माणसे घरी बसली नाहीत.

७. मग आपण काय करावे?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्माचा नियम समजावला आहे. मागच्या जन्मीच्या कर्माने माणूस गरीब होतो, ही समजूत त्यांनी नाकारली. ती मानली तर गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर राहतच नाही, असे त्यांनी दाखवले. आपण वर पाहिलेले सारे पुरावे हेच सांगतात. पेव, बांध, कोठार, दानलेख, ताम्रपट, वतन, यांतील प्रत्येक गोष्ट माणसाने, ठराविक काळी, ठराविक कारणाने केली. जे माणसाने केले ते माणसाला बदलता येते.

म्हणून तीन कामे करा. पहिले, घरात "नशिबात नव्हतं" हे वाक्य निघाले तर वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण स्पष्टपणे, मुलांसमोरच त्याचे कारण सांगा. दुसरे, वतनाची परत मिळालेली जमीन असेल तर तिचा सातबारा आणि फेरफार काढून पाहा. पुष्कळ घरांत आजोबांचेच नाव अजून चालू आहे. वारसनोंद करून घ्या. तीत आई, बहीण आणि लेक यांची नावे घाला, कारण बांध घालताना पहिली गळते ती बाईच. कोणी कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही मागितली तर देऊ नका, आधी घरातल्या शिकलेल्या मुलीकडून तो कागद वाचून घ्या. तिसरे, ज्यांना जमीन नाही त्यांनी मुलांना शाळेतून काढून कोणाच्या रानावर पाठवू नये. दप्तरात नाव लागायचे तर आधी दप्तर वाचता आले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न (घरात सर्वांनी मिळून उत्तरे शोधावीत)

१. इनामगावात थोरलेपणाच्या कोणत्या खुणा सापडल्या? ते थोरलेपण आणि जात यांत फरक काय?

२. अग्गञ्ञ सुत्तातील क्रम आपल्या शब्दांत सांगा. त्यात पहिली चूक कोणती झाली असे तुम्हांस वाटते?

३. नाशिकच्या लेखातील शेत बदलून का द्यावे लागले? त्यावरून कसणाऱ्याचे महत्त्व कसे दिसते?

४. बाबासाहेबांच्या मते आपली वस्ती गावाबाहेर का राहिली?

५. आपल्या घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा: आपल्या कुटुंबाकडे पूर्वी कोणती जमीन होती, तिच्यासाठी कोणते काम करावे लागे आणि ती आज कोणाच्या नावावर आहे? उत्तर वहीत लिहून ठेवा. आपल्या घराच्या इतिहासाचे ते पहिले पान असेल.

जयभीम. नमो बुद्धाय.